उभ्या गाडीची काजळी

४ मार्च

तुमची गाडी काल भर चौकात मेली. सिग्नल हिरवा, मागे टेम्पोवाला हॉर्नवर कोपर टेकून बसलेला, पुढे पोलीस हातवारे करतोय की आजीबाई, गाडी बाजूला घ्या. जशी काही मी ती काखेत मारून नेणार होते. बारकीने किल्ली फिरवून फिरवून तिला उठवलं, तेव्हा खोकत खोकत सुरू झाली आणि मागून असा काळा धूर सोडला की टेम्पोवाल्याने हॉर्न सोडून नाक धरलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचलो तेव्हा तो दवाखान्याला कुलूप लावत होता.

आता नमस्कार घ्या, जावईबापू.

गेल्या वर्षी गाडी दारात उभी केलीत तेव्हा काय म्हणाला होता? "सासूबाई, गाडी लोण्यासारखी चालते. बारकीने तुमच्याकडे राहायचं, रोज या गाडीने कॉलेजला जायचं, हिशेबाचा कोर्स पुरा करायचा." तुमची मुलगी माझ्याकडे राहते, खाते, झोपते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे लोणी कुठल्या डेअरीचं होतं ते एकदा सांगा. चौकात उभी राहिली की थरथरते. पाय दिला की आधी विचार करते, मग हलते. समोर पिवळा दिवा लागतो तो लागतोच. गाडी तुमच्या हातची, तेव्हा खोटही तुमच्या हातचीच असणार.

फोन तुम्ही दोनदा आपटलात म्हणून लिहिते आहे. कागद आपटला तर आवाज होत नाही, आणि मध्येच तोडताही येत नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचता येईल.

गाडी कशी नीट करायची ते कळवा. आणि माझ्या लेकीला म्हणावं, आईला दोन ओळी लिहिल्याने हात झिजत नाही.

तुमची सासू

९ मार्च

सासूबाई,

नमस्कार. गाडी दिली तेव्हा ठणठणीत होती. माझ्या गॅरेजमधून खोकणारी गाडी बाहेर पडत नाही. दिलेली वस्तू वापरायची अक्कल मी बरोबर देऊ शकत नाही, ती ज्याची त्याने आणायची.

तुम्ही सांगता त्यावरून रोग ओळखीचा वाटतो. डिझेल गाडीत इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच पाठवायची सोय असते. त्याने बाहेरची हवा कमी खराब होते. त्या वाटेवर एक झडप असते, तिला आम्ही ईजीआर म्हणतो. धुरातली काजळी त्या झडपेवर बसत जाते. फार बसली की झडप धड उघडत नाही, धड मिटत नाही. मग गाडी उभी असताना इंजिनाला हवेऐवजी धूरच जास्त मिळतो. तोंडावर उशी ठेवल्यावर माणूस जसा तडफडतो, तशी ती थरथरते आणि बंद पडते.

पण मला एक गोष्ट पटत नाही. हा रोग रांगत चालणाऱ्या गाड्यांचा. घरापासून दुकान, दुकानापासून घर. बारकी तर रोज मोठ्या रस्त्याने कॉलेजला जाते. वेगात धावणारं इंजिन चांगलं तापतं, त्यात एवढी काजळी एका वर्षात धरत नाही. म्हणून घाईने निदान करत नाही. तीन गोष्टी कळवा. हवेचा फिल्टर मळलाय का? रबरी नळ्यांपैकी कुठली चिरलीय का? आणि मोठ्या रस्त्यावर लांब पळवून आणल्यावर गाडी थोडा वेळ तरी सुधारते का?

झडप कुणाला उघडू देऊ नका. तुमच्या गावात तो डावरा गॅरेज थाटून बसलाय, त्याला तर गाडीची सावलीही दाखवू नका. माझ्याकडे पाना धरायला शिकला आणि माझ्याच गिऱ्हाइकांसमोर मला चूक म्हणाला, म्हणून मी त्याला हाकलला. आणि बारकीला हात घालू देऊ नका. माझ्या घरातल्या बाईने आजवर गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही. हिचंही हेच म्हणणं आहे.

आपला जावई

१३ मार्च

तुमच्या घरातली बाई बॉनेट उघडत नाही हे वाचून मला एवढं हसू आलं की शेजारीण कुंपणावरून वाकली. पण ते नंतर.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. फिल्टर बारकीने काढून बघितला, धुळीचा आहे पण बुजलेला नाही. नळ्या तिने बोटाने चाचपून बघितल्या, चिरलेल्या नाहीत. हो, तिने हात घातला. मी घातला असता तर तुमची नळी हातात आली असती.

आणि काजळी म्हणाल तर कशाची काजळी? नाचता येईना अंगण वाकडं. या गाडीला मी किती जपते ते येऊन बघा. दामटत नाही, खड्ड्यात आपटत नाही, उन्हात ठेवत नाही. रोज सकाळी झाडाखाली उभी चालू असते. मी पायरीवर बसून मटार सोलते, भाजी निवडते, आणि माझं आवरेपर्यंत ती आपली गुरगुरत असते, म्हाताऱ्या मांजरासारखी. टोपलीभर निवडून होतं तरी तिची तक्रार नसते. जी गाडी जागची हलत नाही तिला काय धाड भरणार? झिजते ती पळणारी वस्तू. माझ्या गुडघ्यांना विचारा.

तेव्हा खोट तुमच्या झडपेत आहे, माझ्या अंगणात नाही.

आणि हे "हिचंही हेच म्हणणं आहे" म्हणजे काय? माझ्या पोटची आहे ती, तिचं म्हणणं मला तुमच्या तोंडून कशाला ऐकायला लागतं? शाळेत होती तेव्हा निबंधात पहिली यायची.

सासू

१७ मार्च

सासूबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं.

गाडी रोज सकाळी अंगणात उभी चालू असते, असं तुम्हीच लिहिता. टोपलीभर भाजी निवडून होईपर्यंत. मग बारकी सकाळी कॉलेजला कशात बसून जाते?

तुमच्याकडच्या डिझेलपंपावर खातं माझ्या नावावर आहे, तिथल्या पंपवाल्याला विचारलं. तो म्हणतो टाकी दर आठवड्याला भरली जाते, त्यात खंड नाही. डिझेल जळतंय आणि गाडी झाडाखाली आहे. आता काजळीचं कोडं सुटलं. उभ्या उभ्या तासन्‌तास चालणारं इंजिन धड तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, आणि त्याची सगळी काजळी त्या झडपेत जाऊन बसते. तुम्ही गाडीला जपत नव्हता, तिला चुलीचा धूर पाजत होता.

पण तो प्रश्न गाडीचा. माझा प्रश्न मुलीचा आहे. उभी गाडी, चालू इंजिन, काचा वर, सकाळची वेळ. मी जग बघितलंय. गॅरेजमध्ये बसून लोकांच्या गाड्यांत काय काय सापडतं ते मला माहीत आहे. कोण बसतं तिच्याबरोबर त्या गाडीत? आणि तुम्ही पायरीवर बसून मटार सोलता की राखण करता?

काट्यावर किलोमीटर किती दिसतात ते उलट टपाली कळवा. बारकीकडून नको, तुम्ही स्वतः चष्मा लावून वाचा.

हिला काल रात्रभर झोप नाही.

जावई

२० मार्च

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तुमच्या डोक्यात जी काजळी बसलीय ना, ती काढायला कुठला ब्रश मिळतो ते आधी विचारून या.

त्या गाडीत कुणी बसत नाही. ऐकताय? कुणीही नाही. गाडी रिकामी चालते. किल्ली लावायची, सुरू करायची, आणि मी पायरीवर. तुमच्या पोरीबद्दल असलं लिहिताना पेन अडखळलं नाही तुमचं? आता झाकून ठेवलं तर तुम्ही भलतंच समजून बसाल, म्हणून सगळं सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नाही. वर्षभर लपवलं तेच पुष्कळ.

बारकी कॉलेज सोडून बसली ती पहिल्या महिन्यातच. मला येऊन म्हणाली, "आजी, तिथे दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात काय आलं आणि काय गेलं ते लिहायचं. मला झोप येते."

मी म्हटलं, "मग जागं कशाने राहशील?"

म्हणाली, "बंद पडलेलं काही दे."

घरातला पाण्याचा पंप बंद होता. तुम्ही दोन वर्षं "येतो, बघतो" म्हणत होता तोच. तिने दुपारपर्यंत उघडून, पुसून, जोडून सुरू केला. मग मिक्सर, मग शेजारणीचं शिवणयंत्र, मग शेजारणीच्या नवऱ्याची मोटारसायकल. मग डावऱ्याकडे गेली. हो, त्याच डावऱ्याकडे. गल्लीच्या टोकाला त्याचं गॅरेज आहे, चालत जाते, चालत येते. तो तिला गोड बोलत नाही, पहिले चार महिने नुसते नटबोल्ट धुवायला लावले. पण शिकवतो.

राहिलं डिझेल. टाकी भरलेलीच राहिली तर तुमचा तो पंपवाला चुगली करणार. काढून ओतायचं तर ओतायचं कुठे, शेजारीण नाकाने बघते. म्हणून जाळायचं ठरवलं. युक्ती माझी. बारकी म्हणाली होती की उभी गाडी अशी चालवू नको, बिघडेल. मी म्हटलं, उभं राहून कुणाचं काही बिघडलंय का. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

किलोमीटर वाचायला चष्म्याची गरज नाही. तुम्ही गाडी दिलीत तेव्हाचे आकडे आणि आत्ताचे यांत डोळ्यांचा डॉक्टर, भाजीबाजार आणि डिझेलचा पंप एवढंच अंतर आहे.

मला तिच्या स्वप्नाबिप्नाशी देणंघेणं नाही. माझ्या घरात आता बिघडलेलं काही राहिलेलं नाही, एवढं मला पुरतं.

माझ्या लेकीला झोप नाही म्हणता. ती झोपत नाही का तुम्ही झोपू देत नाही?

सासू

२३ मार्च

सासूबाई,

डावऱ्याकडे. माझी मुलगी डावऱ्याच्या हाताखाली. याच्यापेक्षा गाडीत कुणी बसलेलं निघालं असतं तर मी दोन थपडा देऊन गप्प बसलो असतो.

तुम्हाला वाटतं मी हौसेने नको म्हणतो. माझे हात तुम्ही कधी नीट बघितलेत? उजव्या हाताचं नख गेलंय ते परत आलं नाही. साबण, रॉकेल, वाळू, काय वाटेल ते लावलं तरी रेघांतलं काळं जात नाही. लग्नाच्या पंगतीत मी मूठ मिटून बसतो. मुलगी शाळेत होती तेव्हा पालकसभेला मी दाराबाहेर उभा राहायचो, आत टेबलावर सही करायला लागते म्हणून. तिने पांढऱ्या कागदावर काम करावं एवढंच मी मागितलं होतं. तेवढंही तुमच्याने सांभाळलं गेलं नाही.

आता ऐका. रविवारी गाडी आणि मुलगी दोन्ही माझ्या दारात पाहिजेत. गाडी ओढून आणा, ढकलत आणा, तुमचं तुम्ही बघा. झडप इथे मी उघडेन. मुलगी माझ्या ऑफिसात टेबलाशी बसेल, बिलं लिहील, आणि गॅरेजच्या दारातून आत पाऊल टाकणार नाही. आली नाही तर मला मुलगी नाही असं मी धरून चालेन. माझ्या घरच्या बाईने कधी गाडीला हात लावला नाही आणि लावणार नाही.

हिचंही हेच म्हणणं आहे.

शनिवार, २७ मार्च

जावईबापू,

रविवारी गाडी दारात पाहिजे म्हणालात. हे वाचताय तेव्हा ती तुमच्या दारात आहे. ओढून आणलेली नाही, स्वतःच्या चाकांवर, मोठ्या रस्त्याने आली आहे. किल्ली या पत्राबरोबर शटरखालून आत सरकवलेली असेल. मुलगी परतीच्या बसमध्ये.

झडप तुम्ही उघडणार होता. ती बारकीने उघडली, काल, माझ्या अंगणात, त्याच झाडाखाली. डावरा आला होता, पण कुंपणाबाहेर उभा राहिला. मी म्हटलं, "आत ये, चावणार नाही मी." म्हणाला, "आजी, मी हात लावला तर उस्ताद म्हणतील काम डावऱ्याचं. हिचं काम हिचंच दिसू द्या." अजून तुम्हाला उस्ताद म्हणतो मेला. मग स्टुलावर बसून लांबून बघत राहिला.

तिने आधी गाडी थंड होऊ दिली. बॅटरीची वायर सोडली. झडपेचे बोल्ट गंजले होते, त्यांवर तेल मारून वाट बघत बसली. मला वाटलं आता हातोडा घेईल. घेतला नाही. मी म्हटलं, "मार ना एक." तर म्हणते, "आजी, हा तुझा जावई नाही." झडप निघाली तेव्हा मीही उठून बघायला गेले. जिथून माझा अंगठा जायला पाहिजे तिथून काडेपेटीची काडी जेमतेम गेली असती. धुराकडच्या बाजूला सुकी काजळी, हवेकडच्या बाजूला डांबरासारखी चिकट. बारकीने बोटावर घेऊन माझ्यासमोर धरली.

"ओळखलीस?"

"मला काय विचारतेस?"

"हे तुझे मटार आहेत, आजी. वर्षभराचे."

मी घरात निघून गेले. चहा ठेवायचा होता.

परत आले तेव्हा इंजिनाच्या उघड्या तोंडात तिने स्वच्छ फडकं कोंबलं होतं, खरवडलेलं आत पडू नये म्हणून. लोखंडी काही वापरलं नाही. लाकडाची काडी आणि दात घासायचा जुना ब्रश, माझाच. म्हणाली, पत्र्याला ओरखडा गेला तर झडप कधीच नीट मिटणार नाही. सफाईच्या औषधाचा फवारा मारताना झडपेचा विजेचा भाग वर धरून ठेवला, ओला होऊ दिला नाही. मग अंगठ्याने झडप दाबून सोडली. दाबली, सोडली, दाबली, सोडली. कान लावून ऐकत होती, टक् आवाज नीट येतो का. मला एकसारखाच वाटत होता. तिला वाटत नव्हता, म्हणून पुन्हा धुतली. जोडताना खाली नवीन पॅकिंग घातलं. सुरू केली तेव्हा आधी काळा धूर ओकली, कुंपणावरची शेजारीण पहिल्यांदाच आपण होऊन घरात गेली. मग धूर निवळला आणि गाडी शांत झाली. इतकी शांत की मी विचारलं, बंद पडली का.

माझं ऐकू नका. तुम्ही गॅरेजवाले आहात. उघडा आणि बघा. ओरखडा सापडला, बोल्ट ढिला सापडला, काजळीचा एक कण सापडला, तर मला कळवा, मी स्वतः तिचं गाठोडं बांधून तुमच्या टेबलाशी आणून बसवते. माझा शब्द आहे. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "सांग खुशाल."

तुमच्या हाताबद्दल लिहिलंत. वाचलं. पंगतीत मूठ मिटता ते तुमचं तुम्ही बघा, जेवणारे ताटाकडे बघतात, तुमच्या नखांकडे नाही. बारकीला मी ते पत्र वाचायला दिलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "पालकसभेला ते बाहेर उभे राहायचे ते लाजून? मला वाटायचं माझे मार्क कमी म्हणून." एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली. पोरीला वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं राहून चुकीचा हिशेब शिकवलात, आणि आता कॉलेजात जाऊन हिशेब शीक म्हणता.

आता त्या हसण्याबद्दल, जे नंतरवर ठेवलं होतं.

तुमच्या घरातल्या बाईने कधी गाडीला हात लावला नाही, असं दोनदा लिहिलंत. लग्नानंतर पहिली काही वर्षं तुमच्याकडे कामाला माणूस ठेवायची ऐपत नव्हती. तेव्हा तुम्ही गाडीखाली झोपायचा आणि बाजूला उकिडवं बसून बॅटरीचा उजेड कोण धरायचं? बारकी पोटात असताना जॅकचा दांडा कोण मारायचं? पाना कितीचा पाहिजे ते तुम्ही सांगायच्या आत हातात कोण द्यायचं? माझ्याकडे बाळंतपणाला आली तेव्हा तिच्या नखांतलं काळं मी लिंबाने घासून काढलंय. निघत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे आई, परत होणारच आहे." मग तुमचा धंदा वाढला, नोकर आले, फरशी आली, बाहेर बोर्ड लागला, आणि तिला आत घरात बसवलीत. ती बसली. तिने कधी बॉनेट उघडलंच नाही असं तुम्ही म्हणायला लागलात, आणि ती तेही ऐकून घेत राहिली. बारकीने पाना धरायचा की नाही, हे त्या घरात कुणाला कळत असेल तर तिला. आणि तिलाच तुम्ही विचारलेलं नाही. चार ओळींच्या खाली दरवेळी शिक्का मारता, हिचंही हेच म्हणणं आहे.

मला ते म्हणणं तुमच्या अक्षरात नको.

ती जर लिहील की मुलीला परत पाठव, टेबलाशी बसव, तर मी पाठवीन, तोंडातून शब्द काढणार नाही. आणि ती जर दुसरं काही लिहील तर तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाही. बारकीलाही हे सांगितलंय. ती कबूल आहे, म्हणून तर बसने परत येते आहे, नाहीतर दारात थांबून तुमच्याशी भांडली असती.

हे पत्र आधी माझ्या लेकीच्या हातात द्या. मग गाडी उघडायला जा, दुपारभर तिकडेच राहा, तिच्या खांद्यावरून वाकून बघू नका. सांगून लिहिलेलं मला अक्षरावरून कळतं, लहानपणी शाळेची शिक्षा लिहायची तेव्हा तिची ओळ खाली उतरत जायची.

उत्तर तिने लिहायचं. तुम्ही फक्त तिकीट चिकटवा.

सासू